डिपरकाका

गाडीला हार घालून झाला, चाकाखाली लिंबं चिरडून झाली, पेढ्यांचा पुडा वॉचमनपर्यंत पोचला, आणि मग पार्किंगच्या खांबामागून काका पुढे आले. एका हातात टेप, दुसऱ्या हातात खडू. आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की पहिल्या दिवशी पेढा आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगची तक्रार, असा क्रम असतो. मला वाटलं, तक्रार एक दिवस आधीच आली. पण त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

“दिव्याच्या काचेला धरा. बंपरला नको, काचेला.”

मी धरलं. टेप सोडत सोडत ते उलटे चालत गेले, आठ मीटरवर थांबले आणि फरशीवर रेघ मारली. मग गाडीची उजवी कड एक डोळा मिटून पाहिली, तिच्याबाहेर आणखी अर्धा मीटर मोजलं आणि फुली काढली. फुलीवर उभे राहिले.

“लावा दिवे. डिपरवर.”

दिवे लागले आणि काका हळूहळू खाली जाऊ लागले. गुडघे वाकले, पाठ ताठ, हात मांड्यांवर. खुर्ची काढून घेतली तरी बसायचा विचार न सोडलेल्या माणसासारखे ते अधांतरी थांबले.

“केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम १०६,” त्याच अवस्थेत ते म्हणाले. “आठ मीटर समोर, अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा. त्या डोळ्याला दिपवेल असा दिवा चालत नाही.”

काकांचा डोळा नियमापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर वर भरतो, म्हणून हे वाकणं. मिनिटभर माझ्या गाडीकडे टक लावून पाहिल्यावर ते कण्हत सरळ झाले. “नियमात बसतोय. पण नियम १९८९चा आणि दिवा परवाचा. डोळ्यात नाही बसत.” मग खिशातून पेढा काढून तोंडात टाकला आणि टेप गुंडाळला. फुली अजून आहे. पार्किंग झाडणाऱ्या मावशी तिला वळसा घालून झाडतात, कुणी काही उतरवून टाकलंय असा त्यांचा समज आहे.

दहिसर पूर्वेला, आनंदनगरात, त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता उरलेली नाहीत. पोरं डिपरकाका म्हणतात, पोरांचे आईबापही म्हणतात, आणि परवा कुरियरवाल्यानेही तेच विचारलं. मेट्रोच्या सुरुवातीच्या नकाशांत आमच्या आनंदनगर स्टेशनचं नाव ‘अप्पर दहिसर’ असं छापलेलं असे. तेव्हा काका बेचैन होते. “अप्पर दहिसर! म्हणजे गावालाच परवानगी दिली की!” २०२२च्या पाडव्याला मेट्रो सुरू झाली ती ‘आनंदनगर’ अशी पाटी घेऊन. आपण पाठवलेल्या पत्राचा हा परिणाम, असं काका मानतात. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं होतं, असं काकू म्हणतात.

एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. माणूस ज्या फायलीत बसतो त्या फायलीचा होतो. ‘समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर दिव्याने डोळे दिपल्यामुळे’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा वाचलं, की ते संपलं की पुढे झाड येणार का कठडा येणार, हे त्यांना पान उलटण्याआधीच कळायचं. बाकीचे सहकारी निवृत्तीनंतर विपश्यनेला गेले. काका हायवेला गेले.

त्यांच्याकडे बारा-तेरा वर्षांची एक छोटी डबा गाडी आहे. स्टिअरिंगच्या उजवीकडे दिव्यांची दांडी. काका गाडी चालवतात ती डाव्या हाताने. उजव्या हाताची दोन बोटं कायम त्या दांडीवर, वीणेच्या तारेवर ठेवल्यासारखी. समोरच्याने अप्पर ठेवला की बोटं हलतात. या हलण्याला व्याकरण आहे. एकदा चमकवलं तर ‘अहो, दिवा.’ दोनदा म्हणजे ‘आभारी आहे.’ तीनदा म्हणजे ‘तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही का?’ आणि एकदा लांब, मग अंधार, मग पुन्हा लांब, याचा अर्थ मी विचारला तेव्हा काकूंनी विषय बदलला. विलायतेत म्हणे दिवा चमकवला की लोक ‘या, आधी तुम्ही’ असं समजतात. आपल्याकडे तोच दिवा ‘सरक, मी आलोय’ असं सांगतो. काकांची भाषा या दोन्हींत बसत नाही, त्यामुळे जगातल्या कुठल्याच रस्त्यावर ती कुणाला कळणार नाही अशी मला भीती वाटते.

ट्रकवाल्यांबद्दल मात्र त्यांना ममत्व. “पाठीवर ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ लिहून हिंडणारा समाज आहे तो. तुमच्या त्या वीस लाखांच्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलेलं असतं? मुलांची नावं!”

आता हे खरंच आहे, की मुंबईत दिव्यांचं कुणी मनावर घेत नाही. दहिसर चेकनाक्यापर्यंत रस्ता इतका उजळलेला, की दिवा न लावता निघालेल्या माणसाच्या ते अंधेरीला पोचल्यावरही लक्षात येत नाही. खरा अंधार सुरू होतो तो नाका ओलांडून, काशिमिरा मागे टाकून, वर्सोव्याचा पूल संपला की. मुंबईकर तिथे पोचतो तो आयुष्यभर अप्परवर चालवायची सवय घेऊन, कारण कुठला दिवा चालू आहे हेच त्याने कधी पाहिलेलं नसतं. डॅशबोर्डवर निळा दिवा लागतो तो ‘छान दिसतो’ एवढंच त्याला माहीत असतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. सोसायटीत जिलेबी आली. काकांनी खाल्ली नाही. टोलच्या रांगेत गाड्या थांबायच्या, खिडकीवर टकटक करून चार शब्द सांगता यायचे. काकांचं ते कीर्तनाचं ठिकाण होतं. आता फक्त ट्रक थांबतात, आणि त्यांना सांगायची गरज नाही.

त्या टकटकीचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. मागच्या उंच गाडीचा उजेड काकांच्या आरशातून थेट त्यांच्या टकलावर पडत होता. काका उतरले, मागे गेले, काच खाली करायला लावली.

“अहो, अप्पर आहे तुमचा.”

आतला मुलगा सभ्य होता. “काका, हा डिपरच आहे. अप्पर दाखवू?”

आणि त्याने दाखवला. काका परत आले ते एका हाताने गाडी चाचपत. बसल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खोटं बोलत नव्हता.”

काकांच्या आयुष्यातली ही खरी शोकांतिका. जन्मभर ज्या शत्रूशी लढले तो अप्पर होता. बोटाने खाली करता येण्याजोगा, लाज वाटली तर खाली जाणारा. आणि आता असा दिवा आला की जो डिपरवर असूनही डोळे फोडतो. जुना हॅलोजनचा बल्ब म्हणजे पिवळसर, तुपाच्या निरांजनाच्या घराण्यातला. एलईडीचा पांढरा उजेड मुळात निळा. त्याच्यावर पिवळा मुलामा देऊन पांढरा केलेला. तो निळा एलईडी शोधल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. काका तिघांची नावं इतक्या कडवटपणे घेतात, की ऐकणाऱ्याला ते त्यांच्या क्लेम विभागातले वरिष्ठ वाटावेत. “त्यांना नोबेल, आम्हाला मोतीबिंदू!” शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर नाही. पण उतारवयात डोळ्याचं भिंग गढूळ होतं, निळसर उजेड त्यात जास्त फाकतो, आणि एकदा दिपल्यावर सावरायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरं. भरीस भर म्हणजे गाड्या उंच झाल्या. डबा गाडीत बसलेल्या माणसाचा डोळा आणि मागच्या गाडीचा दिवा आता शेजारी शेजारी येतात.

“७१च्या लढाईत,” काका सांगतात, “ब्लॅकआउट होता. मी शाळेत होतो. घरांच्या काचांना कागद आणि गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा. त्यानंतरही किती वर्षं दिव्याच्या मधोमध काळा ठिपका असायचा, तान्ह्या पोराला तीट लावल्यासारखा. दिव्याला नजर लागू नये म्हणून नव्हता तो. दिव्याची आपल्याला लागू नये म्हणून होता.”

हे झालं बाहेरच्या दिव्यांचं. आतल्या दिव्याबद्दल काकांचं मत एका शब्दात सांगता येतं: नाही. रात्री चालत्या गाडीत छताचा दिवा लावायचा नाही. प्रत्येक मराठी घरात गाडी चालवणारा बाप हे सांगतोच, आणि बरेच बाप ‘पोलीस पकडतात’ असं कारण देतात. काका थापा मारत नाहीत. काकूंनी एकदा विचारलं, “हे कुठल्या नियमात?” तर म्हणाले, “नियमात नाही, अकलेत आहे. आत उजेड असला की समोरच्या काचेत बाहेरचा रस्ता दिसत नाही, आपलंच कुटुंब दिसतं.” एसटीच्या रात्रीच्या ड्रायव्हरला विचारा, आपल्या पाठीमागचा दिवा तो आधी बंद करायला लावतो.

इथवर मान्य. पण काकांनी कुठेतरी वाचलं, की डोळ्याच्या पडद्यावरच्या अंधारात पाहणाऱ्या पेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. झालं. रात्रीचा प्रवास असला की निघण्याआधी अर्धा तास घरात काळोख. हॉलचा दिवा बंद, टीव्ही बंद, देवघरातलं निरांजनसुद्धा पडद्याआड. बॅगा भरून काका-काकू सोफ्यावर अंधारात शेजारी शेजारी बसलेले. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं भांडण झालंय. दुसऱ्यांदा वाटलं, मीटर काढून नेला. एवढं तप करून निघायचं, तर लिफ्टमध्ये ट्यूबलाइट! म्हणून काका पाचव्या मजल्यावरून एका डोळ्यावर रुमाल धरून उतरतात. खाली वॉचमन आदराने टॉर्च मारतो, आणि अर्ध्या तासाची पुण्याई तिथेच जळून जाते.

प्रवासात काही शोधायचंच झालं तर काकूंना एक टॉर्च दिलेला आहे. त्याच्या तोंडाला गणपतीच्या सजावटीतला लाल जिलेटिन पेपर रबराने बांधलाय. लाल उजेडाने अंधाराला सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही, पाणबुडीत म्हणूनच लाल दिवे लावत, हे सगळं बरोबर आहे. पण पाणबुडीत जावई नसतो. त्या लाल उजेडात काकूंनी खडीसाखर म्हणून कापूर दिला, आणि जावयाने तो चावून पाहिला. दोन वर्षांपूर्वी केळव्याहून येताना काकूंच्या कुड्याची फिरकी गाडीत पडली. सोन्याची, आईने दिलेली. “एक मिनिट दिवा लावा हो.” “वर्सोव्याचा पूल येऊ दे.” पूल आला, नाका आला, घर आलं, तोवर फिरकी कुठेतरी गेली ती गेलीच. त्या दिवसापासून काकू तो कुडा घालत नाहीत, आणि का घालत नाहीत हे कुणी विचारलं की काकांकडे बोट दाखवतात.

नात्यागोत्याचं म्हणाल तर आणखी एक प्रकरण आहे. गाडीत स्टिअरिंगखाली दिव्यांची नजर वरखाली करायचं एक चाकोलं असतं, शून्य ते तीन. मागे वजन बसलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून वजनाप्रमाणे आकडा वाढवायचा. हे चाकोलं आपल्या गाडीत आहे हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. काकांनी त्याचे आकडे नातेवाइकांत वाटून टाकलेत. काका-काकू शून्य. मागे मुलगी-जावई, एक. गावाहून येताना डिकीत तांदूळ, नारळ आणि केळ्यांचा घड, तीन. विरारच्या आत्या एकट्या बसल्या तरी दोन. आत्या मागे टेकल्या आणि काका सवयीने मोठ्यांदा म्हणाले, “ताई बसली, दोन.” आत्यांनी विचारलं, “दोन काय?” काकांनी नियमासकट समजावून सांगितलं. त्यानंतरच्या भाऊबिजेला आत्या लोकलने आल्या.

गेल्या दिवाळीत काकांच्या मुलाने नवी गाडी घेतली. काका हौसेने बसले आणि दार लावताच दचकले. दारांच्या कडेने, पायांशी, डॅशबोर्डवर जांभळी रेघ उजळली. “हा मांडव कोणाचा?” मुलगा म्हणाला, “बाबा, अ‍ॅम्बियंट लाइट. चौसष्ट रंग आहेत.” काका म्हणाले, “कला चौसष्ट ऐकल्या होत्या.” मधोमध परातीएवढा पडदा, त्यावर नकाशा, नकाशात आम्ही. काकांनी तो रुमालाने झाकला. रुमाल घसरला तेव्हा चुकून बोट लागून गाडीने काकूंच्या भावाला फोन लावला.

केळव्याला शितलादेवीच्या दर्शनाला निघालो होतो. मी, काका-काकू आणि मुलगा. हायवेवरून वरई फाट्याला आत वळलं की रस्ता अरुंद, दोन्हीकडे झाडी, आणि अंधार अस्सल. मुलाने स्टिअरिंग काकांना दिलं. समोरून एक टेम्पो आला, पूर्ण अप्परवर. काकांची दोन बोटं हलली. युरोपी घराण्याच्या गाड्यांत दिव्यांची दांडी बहुधा डावीकडे असते आणि उजवीकडे वायपर, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कोरड्या काचेवर पाण्याच्या दोन पिचकाऱ्या उडाल्या आणि वायपर खर्र खर्र फिरले. काकांनी पुन्हा दांडी ओढली. पुन्हा पाणी. टेम्पोवाल्याने वेग कमी केला. चांदण्या रात्री पावसाची तयारी करणारी गाडी त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

“बाबा, तुम्ही काहीच करायचं नाही,” मुलगा म्हणाला. “आरशामागे कॅमेरा आहे. समोर दिवा दिसला की गाडी आपोआप डिपर करते.”

आणि खरंच करत होती. दूरवर मोटारसायकल दिसली, आमचा उजेड नम्र झाला. ती गेली, वर आला. काका पाहत राहिले. चाळीस वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते हे यंत्र न सांगता करत होतं. मग एक मोठी चमकणारी पाटी आली आणि गाडीने तिलाही मान दिला. काका हसले. आणखी थोडं पुढे एक म्हातारा डोक्यावर मोळी घेऊन कडेने येत होता. त्याच्याकडे दिवा नव्हता. गाडीचा अप्पर तसाच राहिला. म्हाताऱ्याने हात डोळ्यांवर धरला.

“पाटीला नमस्कार करते,” काका म्हणाले, “माणसाला नाही.” पुढच्या वळणावर त्यांनी गाडी मुलाच्या हवाली केली, आणि दर्शन होईपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मुठीत धरून बसले.

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी रात्री साडेदहाला बेल वाजली. काका. “येताय? उत्तनच्या रस्त्याला एक डिपर देऊन येऊ.” लोक पान खायला बोलावतात तसं.

डबा गाडी निघाली. भाईंदर पश्चिम मागे पडलं, मुर्धा, राई, मोर्वा गेलं, आणि वाऱ्याला मिठागरांचा वास येऊ लागला. काकांनी अप्पर लावला. समोरून मासळीचा टेम्पो. काकांनी दिवा खाली केला, एकदा चमकवला. टेम्पोने दिवा खाली केला, दोनदा चमकवला. “बघितलंत? आभारी आहे म्हणाला.” पुढे रिक्षा, तीही दोनदा. मग एक बस, दोनदा. एका मोटारसायकलवाल्याने तर हातसुद्धा हलवला. काकांचा चेहरा खुलत गेला. “आज सगळेच बोलतायत हो!”

उत्तनच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. टपरीवरचा पोरगा ग्लास विसळत म्हणाला, “काका, एक लाइट गेलीय तुमची. लांबून बाइक वाटली.”

काका पुढे जाऊन उभे राहिले. डावा दिवा गेला होता. काणी गाडी म्हणजे काकांच्या लेखी अप्परपेक्षाही मोठा गुन्हा, कारण समोरच्याला ती बाइक वाटते आणि तो आपल्या अंगावर घेतो. हे मला त्यांनीच किमान दहा वेळा सांगितलेलं. त्यांनी मला अप्पर लावायला सांगितला. दोन्ही दिवे लख्ख. डिपर, एकच.

“एका बल्बात दोन तारा असतात,” ते हळूच म्हणाले. “साठ वॉटची अप्परची, पंचावन्नची डिपरची. डिपरची जळली. वापरून वापरून.” थोडं थांबून, “अप्परची कोरी आहे अजून.”

काका असल्या कामाला तयार असतातच. पुढच्या कप्प्यातून फडक्यात गुंडाळलेला बल्ब निघाला. बॉनेट उघडलं, पिन ओढून काढली, रबराची टोपी सोलली. काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की बल्ब लवकर जातो, म्हणून रुमालात धरून तो आत बसवायचा. तारेची क्लिप काही सापडेना. माझा मोबाइल बंद पडलेला, टपरीचा पिवळा दिवा तिथवर पोचेना, आणि लाल जिलेटिनच्या टॉर्चमध्ये तार, रबर आणि काकांची बोटं एकाच रंगाची दिसत होती. क्लिप दोनदा सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा बॉनेटखालून आवाज आला.

“आतला दिवा लावा.”

मी ऐकलं नाही असं केलं.

“अहो, छताचा! लावा. तेवढाच काचेतून येईल उजेड.”

मी लावला. त्या गाडीत बसून मी किती वेळा कुठे कुठे गेलो असेन, पण ती आतून कशी दिसते हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सीटचं कव्हर निळं होतं. मी ते काळं समजत होतो. बॉनेटखाली क्लिप बसल्याचा आवाज झाला. मी उतरायला पाय खाली टाकला, तर सीटच्या रुळात, खडीसाखरेच्या दोन खड्यांच्या मधोमध काहीतरी पिवळं चमकलं.

नखाने उकरून काढलं आणि काकांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं, चष्मा कपाळावर सरकवला, फिरवून पाहिलं. मग आत वाकून आधी दिवा बंद केला.

“घरी सांगताना,” अंधारात ते म्हणाले, “टॉर्चमध्ये सापडली म्हणा.”